परदेशी भेटवस्तू: स्वरूप, वजन आणि परिणाम

ती. आईस सा. न. वि. वि.

परदेशी भेटवस्तू म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मुलाने सांगलीला आणलेली आणि सांगलीत कुणीही न मागितलेली वस्तू. ती उपयोगावर नव्हे, किलोवर ठरते. अमेरिकेहून येताना बहुतेक विमानांत माणशी 23 किलोच्या दोन बॅगा चालतात. निघायच्या आदल्या रात्री काटा 21 वर थांबला, तर उरलेले दोन किलो रिकामे नेणे घराण्याला कमीपणा आणणारे समजतात. त्या दोन किलोंत जे बसेल ते प्रेम.

या भेटींचा सुवर्णकाळ 1991 पूर्वीचा. 'फॉरेनचा' साबण तेव्हा अंगाला लागत नसे. तो साड्यांच्या घडीत असे आणि पाहुणे आले की कपाट विनाकारण उघडले जाई. पुढे बाजार खुला झाला, अपूर्वाई गेली, आणण्याची खोड तेवढी राहिली. जगातले सुमारे 80 टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक भारतच. म्हणजे बॅगेतून आलेले बदाम आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडचे बदाम हे बहुधा सख्खे भाऊ. बेदाण्यांची गोष्ट याहून लाजिरवाणी. तासगावच्या जिल्ह्यात कॅलिफोर्नियाचे बेदाणे घेऊन आलेल्या गृहस्थाचे नाव या पत्राच्या पाकिटावर, मागच्या बाजूस आहे.

विजेची उपकरणे हा वेगळाच वर्ग. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची, सांगलीत 230ची. तिकडचे कॉफीयंत्र इकडे तसेच लावले तर ते जवळजवळ चौपट शक्ती खेचते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब उतरवत नाही, हे घरातल्या एकुलत्या एक इंजिनिअरला तीन वर्षांपूर्वी ऐन पाडव्याला कळले. यंत्राने थोडी गुरगुर केली, धूर सोडला आणि ते कायमचे शांत झाले. आज ते काळवंडलेली बाजू भिंतीकडे करून शोकेसमध्ये उभे आहे. शेजारच्या काकूंना ते दर महिन्याला दाखवले जाते; 'आम्ही आपले चहावालेच' असे वर सांगितले जाते. भेट आईला दिलेली असली तरी खरी पोचली काकूंनाच.

उलट दिशेचा प्रवाहही निर्दोष नाही. 'भाजणी अर्धा किलो पुरे' हे वाक्य सांगलीत ऐकू जात नाही, आणि त्यात फोनचा काही दोष नाही. दर खेपेला पाच किलो येते. हापूस 2007 पासून अमेरिकेत जातो, पण लासलगावसारख्या केंद्रात किरणप्रक्रिया होऊन. प्रवाशाच्या बॅगेतून नाही. हे दर मे महिन्यात समजावून दिले जाते, आणि दर मे महिन्यात पेटी दोरीने बांधून दाराशी तयार असते.

आईने मात्र चार वर्षांत एकच वस्तू मागितली आहे: सुईत दोरा ओवायची ती पत्र्याची चकती, जिला पुढे केसासारख्या तारेचा चौकोन असतो. कुठल्याशा हॉटेलातल्या सुईदोऱ्याच्या पुडीत ती एकदा आली होती, तार तुटली. 'आणतो गं' असे उत्तर प्रत्येक वेळी गेले. वजन जेमतेम ग्रॅमभर, किंमत सांगण्यासारखी नाही, शोकेसमध्ये ठेवावी तर दिसणारही नाही. असल्या वस्तूला 23 किलोंत जागा मिळत नाही.

यंदाही बॅगेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पाय चेपायचे यंत्र आधीच विकत घेऊन झाले आहे. म्हणून तीन चकत्या या कागदाच्या तळाशी चिकटपट्टीने लावल्या आहेत. पट्टी सावकाश काढावी, तार नाजूक आहे. तिसरी काकूंना दाखवायला.