पुढच्या चाकांची कैफियत

मनुष्याचा असो वा मोटारीचा, पराक्रम नेहमी छातीच्या नावे जमा होतो आणि सोसणे मात्र गुडघ्यांच्या नावे खर्ची पडते, हा जगाच्या जमाखर्चातील फार जुना अन्याय आहे. मोटार विकत घेणारा गृहस्थ इंजिनाची अश्वशक्ती विचारतो, गाद्या दाबून पाहतो आणि भोंगा वाजवून आपल्या भावी प्रतिष्ठेचा अदमास घेतो. परंतु रस्त्याचा प्रत्येक अपमान स्वतः गिळून आत बसलेल्या मंडळींपर्यंत त्याची केवळ कुजबुज पोहोचू देणारे जे सांधे गाडीच्या पोटाखाली चिखल खात पडलेले असतात, ते स्वतः फिर्यादी होऊन उभे राहीपर्यंत त्यांची साधी विचारपूस करण्याची बुद्धी कोणालाही होत नाही.

आमच्या अँबॅसडरच्या सांध्यांनी ही फिर्याद धारवाडच्या सुभाष रोडवर, ऐन बाजाराच्या वेळी गुदरली. डावीकडे नाक खाली घालून, प्रत्येक वळणावर कण्हत आणि प्रत्येक खड्ड्यागणिक खट्ट असा स्पष्ट आक्षेप नोंदवीत ती अशा डौलाने चालली होती, की पदपथावरच्या एका परिचिताने वाकून मलाच विचारले, "काय हो, कंबर धरली का?"

ही गाडी वडिलांच्या वेळची, आणि म्हणूनच विक्रीस अपात्र. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून बेतलेली अँबॅसडर हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून बाजारात आणली आणि बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत ती काढली. मधल्या काळात मंत्री बदलले, मंत्रिमंडळे बदलली, पण त्यांना वाहून नेणाऱ्या ह्या गाडीने आपला गोलमटोल घाट बदलण्याची घाई केली नाही. तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला बलदंड म्हणणे हा निव्वळ कौटुंबिक पक्षपात ठरेल.

बलदंड गाडी आहे ती माझ्या मिशिगनवासी भाच्याची. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून अमेरिकेत मध्यम बांध्याच्या गाडीत अवाढव्य इंजिन कोंबून तिला 'मसल कार' म्हणण्याची जी लाट आली, तिच्यातला १९६८ चा डॉज चार्जर त्याने पदरी बाळगला आहे. त्या घराण्यातील सर्वांत माजोऱ्या हेमी इंजिनाची कारखान्याने घोषित केलेली शक्ती ४२५ अश्वांची आणि आकारमान सुमारे सात लिटरांचे. अर्थात आमच्या गाडीची चार इंजिने त्याच्या पोटात घातली तरी तोंडी लावण्यापुरती जागा शिल्लक राहील. योगायोग असा, की त्याच सुमारास तोही आपल्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन खोलून बसला होता. दूरध्वनीच्या पडद्यावर त्याने मला तिच्या पोटाखालचा मुलूख दाखविला आणि मी त्याला आमचा, तेव्हा तो ओरडलाच, "मामा, ह्या दोघी तर सगोत्र निघाल्या!"

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. क्रायस्लर कंपनीने १९५७ च्या मॉडेलांपासून आपल्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना वेटोळ्या स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पोलादाच्या लांब सरळ सळया दिल्या, आणि डॉज त्याच कुटुंबातली. इकडे मॉरिसच्या घराण्यात हीच युक्ती १९४८ च्या मायनरपासून नांदत होती. सळईचे एक टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये, दुसरे मागे चासीच्या आडव्या पट्टीत घट्ट बसवलेले. चाक खड्ड्यावरून उसळले की सळई पिळते आणि पीळ उलगडताना चाकाला पुन्हा जागेवर आणून बसवते. पिळण्याखेरीज तिला दुसरा धर्म नाही, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही ह्या न्यायाने वागणाऱ्या माणसांना आपण जरी हट्टी म्हणत असलो, तरी मोटारीचे नाक त्या हट्टावरच वर राहिलेले असते.

आमचे मिस्त्री हे अल्पभाषी गृहस्थ होते. सुभाष रोडलगतच्या आमच्या बोळात गाडी जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे लावून ते अर्धे आत शिरले, की त्यांचे फक्त पाय दिसत आणि मुदतीसंबंधी कोणतीही पृच्छा केली असता त्या पायांकडून एकच उत्तर येई: "आगतैत्री साहेब्र, नाळे बर्री." होईल साहेब, उद्या या. दिवाणी न्यायालयातील तहकुबीलाही काही कारण द्यावे लागते. मिस्त्रींच्या तहकुबीला ते बंधन नव्हते.

प्रेक्षकांचा मात्र तुटवडा पडला नाही. १९३३ मध्ये स्थापन झालेली मनोहर ग्रंथमाला ही कन्नड प्रकाशनसंस्था ह्याच सुभाष रोडवर. बेंद्रे, कुर्तकोटी, कार्नाड ह्या कन्नड साहित्यिकांच्या पायधुळीने पुनीत झालेला तिचा माळा सर्वश्रुत आहे. ज्या रस्त्याने इतकी वर्षे वाङ्मयाची चिकित्सा ऐकली, त्या रस्त्यावरून जाणारा मनुष्य उघड्या पडलेल्या मोटारीवर अभिप्राय न देता पुढे जाईल, ही अपेक्षाच अशास्त्रीय होय. एक निवृत्त शिरस्तेदार रोज येऊन सुट्या भागांची बारनिशी करावी तशी मोजदाद करीत. एका प्राध्यापकांना दोष चाकात नसून रचनेत असल्याचा संशय होता. आणि एक वकील, आपण कोणाच्या बाजूने आहोत हे अखेरपर्यंत न सांगता, दोघांचेही मुद्दे खोडून काढीत. पान्याला मात्र कोणी हात लावला नाही.

पंचनाम्यात निष्पन्न झाले ते असे: आर्मच्या डोळ्यातले रबरी बुश कडक होऊन चिरले होते आणि मधली लोखंडी नळी एकाच अंगाने घासून लंबगोल झाली होती; खट्ट आवाजाचे मूळ तेच. परंतु खरा गुन्हा ट्रनियनपाशी, म्हणजे चाक वळते त्या सांध्यापाशी, उघडकीस आला. गाडीला कधीकाळी कोणी रंग देताना ग्रीसचा निपलही मनोभावे रंगविला होता आणि पुटावर पुट चढून त्याचे तोंड कायमचे मिटले होते. मिस्त्रींनी खिळ्याच्या टोकाने ते पूट उकरले तेव्हा आत काळी, सुकलेली खपली आणि गंजाची पिवळट भुकटी तेवढी निघाली. दरवर्षी बिलात लागलेले ग्रीस मंजूर झाले, खर्ची पडले, हिशेबात उतरले. लाभार्थ्याच्या हाती कधी पडलेच नाही.

सळया काढताना मिस्त्रींचे मौन प्रथमच भंगले. वजन पूर्ण उतरवून, पितळी तुकडा मध्ये धरून त्यांनी मागच्या टोकावर बेताने ठोके दिले, सळई बाहेर येताच तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि दुसरीवर तांबडा. मग फडक्यात गुंडाळून त्या माझ्या हाती ठेवीत त्यांनी बजावले, की डावी ती डावी आणि उजवी ती उजवी, अदलाबदल नाही, आणि अंगावर ओरखडा तर मुळीच नाही. वर्षानुवर्षे एकाच दिशेने पिळलेल्या पोलादाला ती दिशा अंगवळणी पडते, उलट पिळले तर ते दगा देते. आणि ओरखडा दिसायला क्षुल्लक असला तरी तडा तेथूनच सुरू होतो. वैचारिक मंडळींनाही हा नियम तंतोतंत लागू पडावा, असे मला राहून राहून वाटले. पण प्राध्यापक आणि वकील दोघेही समोर असल्यामुळे मी हा शोध स्वतःपाशीच ठेवला.

यथावकाश नवे बुश बसले, निपलातून ग्रीस वाहू लागले आणि सळयांच्या मागच्या टोकांची पकड बदलून गाडीचे नाक पूर्ववत वर आले. मी फेरी मारून आलो. गाडी वळणावर कण्हली नाही, खड्ड्यात खट्ट म्हणाली नाही. भाच्याला ही वार्ता कळविली, तर त्याच्याकडे एका पार्सलाची वाट पाहणे अद्याप चालूच होते, आणि ४२५ अश्वांचे कूळ एका रबरी बुशासाठी ठोकळ्यांवर खोळंबले होते.

एवढ्यात शिरस्तेदारांनी चष्मा सावरून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि गंभीरपणे निवाडा दिला, "पुढून उत्तम. पण आता मागून बसल्यासारखी दिसते."

एका दाव्याच्या निकालातूनच दुसऱ्या दाव्याला कारण घडते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? मिस्त्रींनी वाकून मागचे पाटे पाहिले, एक पान तुटल्याचे बोटाने दाखविले आणि माझा प्रश्न उच्चारला जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन टाकले: "नाळे बर्री."