काढेश्वर

छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेत पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींत, बाकावर टेकताच शेजाऱ्याची नाडी हाती घेणारा जो साठी ओलांडलेला गृहस्थ हमखास आढळतो, त्यास सोयीसाठी काढेश्वर म्हणावे. हा वैद्य नसतो. बहुधा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असतो, आणि म्हणूनच रक्तदाब, म्हणजे वाहत्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा जोर, हा गाळ साचल्याने वाढतो, असे तो कालव्याच्या अनुभवावरून ठामपणे सांगतो.

त्याच्या कापडी पिशवीत लसूण, अर्जुनसाल आणि लाल अंबाडीची वाळवलेली बोंडे असतात. लसूण व लाल अंबाडी यांनी दाब थोडाफार उतरतो, असे चाचण्यांत दिसले आहे, हे त्याच्या बाजूने नोंदविणे न्याय्य होय. परंतु रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसणाचा मारा केल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, ही बाब तो विसरतो. काढा गोड लागावा म्हणून तो त्यात मूठभर ज्येष्ठमध टाकतो आणि त्यातील ग्लिसरायझिन हा घटक शरीरात मीठपाणी धरून ठेवून पोटॅशियम बाहेर घालवीत असल्याने, दाब उतरविण्याची व चढविण्याची सोय एकाच पातेल्यात होते. सैंधव 'आपले' असल्याने बाधत नाही, हाही त्याचाच सिद्धांत. वास्तविक तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

तथापि त्याचे ब्रह्मास्त्र म्हणजे सर्पगंधा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम 1949 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला आणि 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, हा इतिहास तो अचूक सांगतो. वकिलांनी रोग्यांचा दाब वेळोवेळी मोजला होता, एवढाच तपशील तो गाळतो. मुळीचा अतिरेक झाल्यास नाक चोंदते, नाडी मंदावते, मन खचते; काढेश्वराचे माप मात्र चिमूट, आणि ती कोणाच्या बोटांची, हे ठरलेले नसते.

बागेत ज्यास तो 'रामबाण औषध' म्हणतो, तेच घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" असे विचारताच "छे, घरचंच आपलं काहीतरी" होऊन बसते. सोबत आलेल्या काकू तेव्हा निमूटपणे काढ्याची बाटली टेबलावर ठेवतात आणि महिन्यापासून गोळ्याही बंद असल्याचे सांगतात. डॉक्टर एकेक घटक विचारून कागदावर उतरवू लागतात, ज्येष्ठमधापाशी थांबून "किती?" असे विचारतात, तोवर काढेश्वराने त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे न्याहाळलेली असतात, आणि "जागरण फार होतं वाटतं तुमचं," असे म्हणत तो पिशवीत हात घालतो.