आबांना काही विचारू नका

एखाद्या भाग्यवान घरात दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले आजोबा अजून हयात असतील, तर त्या घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे : त्यांना काही विचारू नका. विचारलंत तर एका चहावर पंधरा मिनिटांत सगळा विषय संपून जाईल. आमच्या घराण्याने हा मोह चाळीस वर्षं निग्रहाने टाळला, म्हणून तर आज मला निवृत्तीनंतर करायला काही उरलं आहे.

आमचे आबा १९४६ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले आणि १९८७ साली गेले. मधल्या काळात रोज दिवेलागणीला ते ओसरीवर बसत आणि अधूनमधून 'आमी तिकडं असताना...' असं वाक्य सुरू करत. ते पुरं होऊ न देण्याची घराला शिस्त होती. आजी म्हणायची, 'झालं सुरू पलटणीचं.' अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिओ मोठा करायचे. मी अभ्यासाला उठायचो. एरवी त्यासाठी काठी लागे. या सांघिक प्रयत्नामुळे 'तिकडं' म्हणजे कुठं, हे कोडं आजवर शाबूत राहिलं.

पुरावे राखण्यातही आम्ही कमी पडलो नाही. आबांची पत्र्याची काळी ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण. फौजेच्या कागदात नावाला किंमत नाही. आबांच्या नाव-आडनावाचे जवान सातारा-रत्नागिरीतून पोत्याने भरती झाले. नंबर तेवढा ज्याचा त्याचा. हे कुणी न सांगताही अण्णांना उमगलं असावं. कारण आत्याच्या लग्नात दारं-खिडक्या रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांनी नेमका त्या झाकणावर संपवला. चांगले दोन हात दिले. पुढे तीस वर्षं ट्रंकेत शेवया राहिल्या.

गेल्या वर्षी माळ्यावर बसून, रॉकेलचा बोळा आणि दाढीचं ब्लेड घेऊन, मी तो हिरवा रंग सोलला. आतल्या शेवयांचा वास अजून होता. पाच आकडे दिसू लागले. चौथा मात्र पापुद्र्याबरोबर निघून आला आणि ब्लेडवर उलटा चिकटून बसला. तो तीन आहे की आठ, यावर घरात दोन पक्ष आहेत. पलटणीच्या नावातलं 'लाइट इन्फंट्री' उरलं आहे. कितवी पलटण तो आकडा नाही.

पदकांचीही अशीच चोख व्यवस्था लागली. त्या युद्धातल्या ताऱ्यांवर मोहिमेचं नाव असतं : आफ्रिका, इटली, बर्मा. म्हणजे एक तारा पाहिला की अर्धा इतिहास आयता हाती. धाकट्या काकांनी हा धोका वयाच्या आठव्या वर्षी ओळखला आणि तारा चौदा गोट्यांना देऊन टाकला. सौदा बरा झाला असं ते अजून म्हणतात.

मग मी कागदांकडे वळलो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी उत्तम आहे. जवानाचा नंबर, पलटण, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावसुद्धा. अट एकच, जवान मेलेला हवा. आबांनी जिवंत परत येण्याची जी घाई केली, ती इथे नडली. २५ लाखांच्या घरात गेलेल्या त्या हिंदी फौजेत परतलेल्यांची अशी यादी कुणी कशाला करील? लंडनला ब्रिटिश लायब्ररीत गोऱ्या अधिकाऱ्यांची कुळकथा मिळते. साध्या शिपायाचे कागद इकडेच राहिले. संगणकावर 'मराठा' शोधून महिनाभर काही सापडेना. नंतर कळलं, साहेब त्या काळी आपलं नाव मध्ये एक एच आणि शेवटाकडे दोन टी घालून लिहीत असे.

शेवटी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. उत्तर सभ्य होतं. नंबर आणि पलटण कळवावी. मात्र पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. आबांना पेन्शन नव्हती. म्हणजे ते ओसरीवर बसलेले असतानाच, १९७१-७२ च्या सुमारास, त्यांचे कागद संपले. त्यांच्यानंतरही पंधरा वर्षं मूळ प्रत आमच्या घरात होती, तंबाखू मळत.

एक दुवा मात्र चुकून उरला. गाडी उताराला लागली की आबा बैलांना 'प्यानो, प्यानो' म्हणत. गावाने त्यांचं नावच प्यानोआबा पाडलं होतं. म्हाताऱ्याने मुंबईत कुठेतरी बाजाची पेटी पाहिली असेल, असं आम्ही धरून चाललो. मध्यंतरी मुलगी मोबाइलवर इटालियन स्वयंपाक पाहत होती. त्यातली आजीबाई रश्शात डाव फिरवताना म्हणाली, 'प्यानो, प्यानो.' हळू, हळू.

म्हणजे इटली. आता घरात नवा वाद आहे. मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधवांना १९४५ साली, तिथल्याच सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. धाकट्या काकांनी आबांना तिसऱ्या पलटणीत घातलंय, आत्या पहिलीवर ठाम आहे. मी भीत भीत सांगितलं की दुसरी पलटण २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होती, आणि तिथले कैदी इटलीतल्या छावण्यांत नेले होते. भाषा तिथेही शिकता येते. आत्या महिनाभर बोलली नाही. कागद सापडला असता तर एवढी निवड कुठली मिळायची?

आता जिनिव्हाला रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांची नोंद विचारायची आहे. तिथे अर्ज ठरावीक दिवशीच घेतात आणि मर्यादित घेतात. काल तो दिवस होता. मी आकडा तीन टाकावा की आठ, या विचारात होतो. शेजारच्या खुर्चीत शहाऐंशी वर्षांचे अण्णा, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ते मुकादम असताना काय झालं, ते सांगू लागले.

म्हटलं, 'अण्णा, जरा थांबा. फॉर्म बंद होईल.'