हरणाऱ्याला मुदतवाढ

26 मार्च 2024, गुवाहाटी. फुटबॉल विश्वचषक पात्रतेचा सामना, समोर अफगाणिस्तान. जागतिक क्रमवारीत आपण 117 वे, ते 158 वे. त्यांचे डझनभराहून जास्त खेळाडू स्वतःच्याच महासंघाशी वाजल्यामुळे आलेच नव्हते. कर्णधार सुनील छेत्रीचा हा 150 वा आंतरराष्ट्रीय सामना. पेनल्टीवर पहिला गोलही त्यानेच मारला. मग सत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली आणि आपण आपल्याच मैदानावर 1-2 असे हरलो.

त्याआधी जानेवारीत कतारला आशियाई चषकात तीन सामने खेळून तिन्ही गमावले होते. सहा गोल खाल्ले, मारला एकही नाही. इतकं होऊनही इगोर स्टिमाच प्रशिक्षकपदावर कायम राहिले. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली, दोह्यात कतारकडून हरलो, पात्रतेची वाट बंद झाली, तेव्हा कुठे 17 जूनला त्यांना काढलं. कतारचा बरोबरीचा गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाला होता, तो अन्यायच होता. पण अफगाणिस्तानला हरवलं असतं तर दोह्यात पंचाच्या एका शिटीवर सगळं अडकलं नसतं.

साधारण कुवतीचा प्रशिक्षक टिकतो कसा, याचं उत्तर मैदानावर सापडत नाही. ते करारात सापडतं. स्टिमाच 2019 ला आले. 2023 मध्ये आपण इम्फाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरूत तीन चषक जिंकले. सगळे घरच्या मैदानावर, समोर म्यानमार, मंगोलिया, वानुआतू, नेपाळ, पाकिस्तान, कुवेत, लेबनॉन. क्रमवारीत 99 पर्यंत गेलो, देश खूश झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांना थेट 2026 पर्यंत मुदतवाढ देऊन टाकली, आशियाई चषक अवघ्या तीन महिन्यांवर असताना. खरी परीक्षा समोर दिसत असताना तिच्या निकालाआधीच बढती कोण देतो?

आणि हे लक्षात ठेवा की त्याच्या महिनाभर आधी 'इंडियन एक्सप्रेस'ने बातमी छापली होती. 2022 च्या आशियाई चषक पात्रता सामन्यांच्या वेळी स्टिमाच यांनी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाला पाठवून सल्ला घेतला, असं त्या बातमीत होतं. ज्योतिषाची गाठ महासंघाच्याच तेव्हाच्या सरचिटणिसांनी घालून दिली होती. ज्या पोराने वर्षभर घाम गाळला त्याची जागा ग्रहांनी ठरवायची? एवढ्या एका गोष्टीवर चौकशी बसायला हवी होती. त्याऐवजी मुदतवाढ मिळाली.

मग काढायची वेळ आली तेव्हा महासंघाच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं की करारात महासंघाच्या बाजूने तो संपवण्याची अटच राहिली नव्हती. सही करणाऱ्यांनी हा आरोप फेटाळला. खरं कोणाचं हे बाजूला ठेवू, पण शेवटी तडजोडीत सुमारे 4 लाख डॉलर, म्हणजे तीन कोटींहून जास्त रुपये मोजावे लागले. पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोचलो नाही तर मी स्वतःहून जाईन, असं हेच गृहस्थ आधी म्हणाले होते.

इथेच पाणी मुरतं. प्रशिक्षकाला काढणं म्हणजे 'आम्ही चुकीचा माणूस नेमला' असं नेमणाऱ्यांनी कबूल करणं. ते अंगाशी येतं. त्यापेक्षा 'प्रक्रियेला वेळ द्या' म्हणत त्याची पाठराखण करणं सोपं. तो खुर्चीवर आहे तोवर शिव्या त्याला पडतात, नेमणाऱ्या समितीला नाही. म्हणून प्रशिक्षक टिकतो.

याचा अर्थ दर हरलेल्या सामन्यानंतर माणूस हाकला, असा नाही. तेही आपण करून पाहिलंय. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन असे सहा परदेशी प्रशिक्षक आणले. क्लब 2019 ला बंद पडला. नेदरलँड्सच्या लीगचा अठरा वर्षांचा हिशेब मांडून बास टेर वेल या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की मधेच प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो, हा बहुतेक वेळा भास असतो. लागोपाठ हरणारा संघ तसाही पुन्हा आपल्या पातळीवर येतो. तेव्हा प्रश्न काढण्याचा कमी आणि नेमण्याचा जास्त आहे.

आणि नेमणुकीत आपण काय केलं? स्टिमाचनंतर मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाची नोकरी चालू ठेवून. देशाचा संघ जोडधंदा म्हणून सांभाळायचा! तांत्रिक समितीला विचारलंच नाही म्हणून माजी कर्णधार बायचुंग भुतियाने समिती सोडली. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत विजय एकच, मालदीवविरुद्ध. दुसरीकडे मुंबईच्या मैदानांवर घडलेला खालिद जमील. 2017 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्याने आय-लीग जिंकून दिली. इंडियन सुपर लीगमध्ये पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक व्हायला त्याला 2021 उजाडलं, आणि तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. बाहेरून येणाऱ्याचा बायोडेटा आपण जितका डोळे झाकून वाचतो, तितकं आपल्या माणसाचं काम डोळे उघडून पाहत नाही.

वाशिमात बसून याची आग का होते, ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात व्यावसायिक क्लब नाही. पण 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्याने 'मिशन वन मिलियन' केलं, शाळाशाळांत फुटबॉल वाटले. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत पोरांच्या पायाला चेंडू लागावा, ही कल्पना चांगलीच होती. पण चेंडूबरोबर शिकवणाऱ्याचं पद आलं नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळांना क्रीडा शिकवायला अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं. ती माणसं राज्यभर वर्षानुवर्षं मानधनावर, तात्पुरत्या नेमणुकीवर आणि कोर्टाच्या तारखांवर जगतायत. प्राथमिक शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षण सेवकालाही 2023 च्या वाढीनंतर महिन्याला 16 हजार मिळतात, तेही तीन वर्षं. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून स्टिमाच यांचा पगार होता 30 हजार डॉलर, म्हणजे पंचवीस लाख रुपये महिना. मोठा पगार द्या, माझी हरकत नाही. पण गावातल्या निदेशकाला पुढच्या वर्षाची ऑर्डर मिळेल की नाही हे ठाऊक नसतं आणि अफगाणिस्तानकडून हरणाऱ्याला 2026 पर्यंतची हमी होती. हे मला सहन होत नाही.

आता ऑगस्ट 2025 पासून खालिद जमील राष्ट्रीय प्रशिक्षक आहेत. मध्य आशियाई संघांच्या काफा चषकात तिसरं स्थान मिळवून सुरुवात झकास झाली. पुढे ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो आणि 2027 चा आशियाई चषक हुकला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. आपला माणूस म्हणून त्यांना सूट नको, आणि आपला माणूस म्हणून पहिल्या ठेचेला बळीही नको. महासंघाने एवढंच करावं : त्यांना कोणत्या कामासाठी नेमलं, किती सामन्यांनंतर कोण मोजणार, करार कोणत्या अटीवर संपणार आणि नावाची शिफारस कोणी केली, हे एका पानावर लिहून संकेतस्थळावर टाकावं. शिफारस करणाऱ्यांच्या सह्यांसकट.