स्टुलावर चढू नका, सभासद व्हा

बॉस्टनजवळून,
सोमवार, मार्च महिना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन सोडून पत्र लिहायला बसले, याचं कारण बाबा. फोनवर पडण्याचा, गोळ्यांचा किंवा गुडघ्यांचा विषय निघाला की ते "बरं बरं, आईशी बोल" म्हणून सटकतात. पत्र असं दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही. तेव्हा बाबा, चष्मा लावा, खुर्चीवर बसा आणि शेवटपर्यंत वाचा. बसा म्हणतेय, चढू नका. ट्यूब बदलायला तुम्ही स्टूल घेतलंत, ते डुगडुगतं म्हणून पायाखाली गेल्या वर्षीचं पंचांग सारलंत, आणि आई खाली उभी राहून "नीट हं, नीट" म्हणत होती, हे सगळं मला इथे कळलेलं आहे. आईवर डोळे वटारू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी खिडकीतून पाहिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं.

गंमत म्हणजे त्यांचा निरोप आला तेव्हा तुमचे जावई शिडीवरच होते, पण दुसऱ्याच्या घरात.

काल इथली घड्याळं एक तास पुढे गेली. दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. फोन स्वतःचं स्वतः बघतो. भिंतीवरचं, ओव्हनवरचं, मायक्रोवेव्हवरचं आणि जुन्या गाडीतलं घड्याळ मात्र कुणीतरी बोटांनीच बदलावं लागतं. त्याच दिवशी छतावरच्या धुराच्या अलार्मचे सेलही बदलून टाका, असं अग्निशमन दलवाले सांगत असतात. सेल उतरत आला की अलार्म दर मिनिटाला एकदा "टिव्" करतो, आणि ते करायला तो नेमकी रात्री दोनची वेळ निवडतो. ज्यांना ऐकू येतं त्यांची झोप जाते. ज्यांना येत नाही ते शांत झोपतात, पण आग लागली तरी ते शांतच झोपणार. म्हणून काल दिवसभर जावई शिडी घेऊन गावभर फिरले. सहा फूट उंची हा त्यांचा गुण आपल्याकडे कुणाच्या फारसा लक्षात आला नव्हता. इथल्या संस्थेने तो अर्जावरूनच ओळखला.

संस्था म्हणजे इथलं 'व्हिलेज'. नाव तसं असलं तरी तिथे कुणी राहायला जात नाही. उलट, ज्यांना कुठेही राहायला जायचं नसतं अशांसाठीच ते असतं. याचा उगम आमच्या शेजारचाच. बॉस्टनमध्ये बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. रस्ते चढाचे, फूटपाथ विटांचे, दिवे अजून गॅसचे आणि घरं उंच, अरुंद, जिनेच जिने असलेली. सिनेमावाल्यांना आवडेल अशी जागा, पण गुडघ्यांना नाही. नव्वदचं दशक संपता संपता तिथले काही रहिवासी एकत्र बसले. त्यांत सुझन मॅकव्हिनी-मोर्स या बाई पुढे होत्या. वृद्धाश्रमात जायचं नाही आणि मुलांच्या घरी पाहुणे होऊन राहायचं नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. मग आपणच वर्गणी काढू, एक छोटं ऑफिस आणि एक फोन ठेवू, आणि बल्बपासून बाजारापर्यंत जे अडेल त्याला माणूस मिळवून देऊ, असं ठरलं. २००२ साली 'बीकन हिल व्हिलेज' सुरू झालं. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही सभासद होता येतं. आज अशी दोनशेच्या वर व्हिलेजेस अमेरिकेत आहेत आणि २०१० पासून त्यांची एक देशव्यापी शिखरसंस्थाही आहे. आई, तू म्हणशील, अमेरिकेत जाऊन यांनी शेजार शोधून काढला. तसंच आहे. पण आपण तो न शोधताच वाया घालवतो, त्याकडे मी नंतर येते.

कामाची रीत सोपी आहे. सभासद वर्षाला काहीशे डॉलर भरतो. काम निघालं की ऑफिसला फोन करतो. ऑफिस आमच्यासारख्या स्वयंसेवकांना कळवतं आणि ज्याला जमेल तो जातो. पैसे घ्यायचे नाहीत, बक्षिसी घ्यायची नाही. केळ्याचा केक नाकारता येत नाही, कारण तो गाडीच्या सीटवर आधीच येऊन बसलेला असतो. आम्हांला घेण्याआधी पोलिसांकडची नोंद तपासतात. या राज्यात त्या तपासणीला 'कोरी' म्हणतात. आपला जावई निष्कलंक आहे, हे मॅसॅच्युसेट्सने आता लेखी मान्य केलेलं आहे. बाबांनी लग्नाआधी चौकशीसाठी मिरजेपर्यंत मारलेल्या खेपा वाया गेल्या नाहीत. सरकारही कौतुक करतं: अशा कामासाठी गाडी काढली तर करात मैलाला १४ सेंट वजावट मिळते. हा दर १९९८ पासून १४ सेंटच आहे. पेट्रोलला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

नियमही आहेत. औषधं द्यायची नाहीत, अंघोळ घालायची नाही, चेकबुकाला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. पहिल्या बैठकीत हे ऐकल्यावर मी आणि जावई एकमेकांकडे बघतच राहिलो. एखाद्याच्या घरी जायचं, बल्ब बदलायचा आणि "हा सोफा इथे कशाला ठेवलाय? रोज सकाळी मेथीचं पाणी घ्या" यातलं काहीही न बोलता परत यायचं? आपल्या सोसायटीत हा नियम आणला तर जिन्यात कुणी बोलणारच नाही.

माझ्याकडे गाडीचं खातं आहे. इथे गाडी सुटली की माणसाचं अर्धं जग सुटतं. पंचाहत्तरी झाली की या राज्यात लायसन्सचं नूतनीकरण घरबसल्या होत नाही. समक्ष जाऊन डोळे तपासून घ्यावे लागतात. बरेच जण त्याआधीच रात्रीची गाडी सोडतात, मग हायवे सोडतात, मग दुकानापुरतीच चालवतात. पण सगळ्यांत जास्त मागणी कशाला असेल, सांगा? आतड्यांच्या तपासणीला. तीत गुंगीचं औषध देतात, म्हणून घरी न्यायला ओळखीचं जबाबदार माणूस आहे असं कळल्याशिवाय हॉस्पिटल तपासणीला हात घालत नाही. टॅक्सी चालत नाही. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी लंडनमध्ये. घर आहे, विमा आहे, पेन्शन आहे, पण बाकावर बसून राहणारं एक माणूस नाही, एवढ्यासाठी लोक महत्त्वाची तपासणी पुढे ढकलत राहतात. ते बाकावरचं माणूस म्हणजे मी. दिवाळी अंक बरोबर नेते. एका आजोबांनी गुंगीच्या भरात घरी येईपर्यंत मला १९६७ सालच्या रेड सॉक्सची पूर्ण कहाणी सांगितली. बेसबॉलमधलं मला ओ का ठो कळत नाही. बाबा १९७१ ची वाडेकरांची टीम सांगायला लागले की मी ज्या ठिकाणी "हो का!" म्हणते, अंदाजाने त्याच ठिकाणी म्हणत गेले. आजोबा बेहद्द खूश झाले.

चिरंजीव बर्फाच्या खात्यात आहेत. बॉस्टन शहरात बर्फ पडायचं थांबलं की तीन तासांत घरासमोरचा फूटपाथ मोकळा करावा लागतो. हा नियम ज्याने केला त्याची कंबर शाबूत असणार. २०१४-१५ च्या हिवाळ्यात इथे सगळं मिळून नऊ फुटांच्या वर बर्फ पडलं होतं. त्या हिवाळ्याची आठवण निघाली की इथले म्हातारे आवाज खाली आणतात. आता चिरंजीव आणि त्यांचे मित्र फावडी घेऊन जातात. कारण उदात्त वगैरे नाही, शाळेला समाजसेवेचे तास भरून हवे असतात. पण तास भरल्यावरही ते जातात, असं मला दिसतंय. एका घरी मोबाइल शिकवायचं कामही त्यांच्याकडे आलं. तिथल्या आजी पासवर्ड विसरल्या की हे महाराज शांतपणे "काही हरकत नाही, परत बघू" म्हणतात. आई, तुला हेच चिरंजीव व्हिडिओ कॉलवर "आजी, किती वेळा सांगू!" म्हणाले होते, हे लक्षात आहे माझ्या. परवा मी त्यांना सांगितलं, सांगलीच्या आजीही आजपासून सभासद आहेत.

मला आवडतं ते हे, की घेणारा इथे नुसता घेणारा राहत नाही. ऐंशीच्या पुढच्या एक बाई रोज सकाळी एकट्या राहणाऱ्या सभासदांना फोन करून "उठलात का?" विचारतात. एक निवृत्त शिक्षक चिरंजीवांचे निबंध तपासतात आणि बर्फ उपसल्याची परतफेड लाल शाईने करतात. आमचे निम्मे स्वयंसेवक स्वतःच साठी-सत्तरीचे आहेत. आज शिडी धरणारा उद्या फोन करणार, हे सगळ्यांना माहीत असतं.

सगळं गोडच आहे, असं समजू नका. वर्गणी सगळ्यांना परवडत नाही. आजार मोठा झाला, स्मृती गेली, की आमच्यासारख्यांचं काम संपतं आणि पगारी माणूस लागतो. पासष्टीच्या पुढच्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, असल्या दीर्घकाळच्या सांभाळाचा खर्च देत नाही. ज्यांना थोडासाच हात लागतो, त्यांच्यासाठी हे आहे. पण थोडासा हात वेळेवर मिळाला नाही, तर मोठा हात लवकर लागतो.

बाबा, डॉ. अतुल गावंडे तुम्हांला माहीत आहेत. आमच्या बॉस्टनचेच सर्जन, मूळ घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचं. त्यांच्या 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम गावंडे आहेत: जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले, घरात, शेतात, गोतावळ्यात. आणि त्याच पुस्तकात ओहायोतल्या अथेन्स या गावी शेजाऱ्यांनी बीकन हिलच्या धर्तीवर काढलेलं व्हिलेजही आहे. त्यांचे आईवडील त्याच अथेन्सचे. तीन पिढ्यांत एक घराणं उटीच्या वाड्यावरून व्हिलेजपाशी येऊन पोचलं. आणि उटीला सगळं सुखाचं होतं, असं डॉक्टर म्हणत नाहीत. शेवटपर्यंत जमीन वडिलांच्या हातात, मुलगेही म्हातारे होत आलेले, त्यातून होणारे ताण, हेही ते लिहितात. तेव्हा "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य तुम्ही या पत्राच्या उत्तरात वापरू नये, ही विनंती.

आता मुद्दा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा गावभागातली किती माणसं आपल्या घरी राहिली, आठवा. कुणी विचारलं नाही, कुणी आभार मानले नाहीत, आई दोन वेळा कुकर लावत होती आणि बाबा गाद्या मोजत होते. महापुराला आपल्याकडे अख्खी सांगली धावते. पण ट्यूब बदलायला शेजारच्या मुलाला हाक मारायची म्हटलं की "कशाला उगीच त्याला त्रास." म्हणजे मदत मिळायला संकट निदान आयर्विन पुलाच्या पाणीपातळीएवढं तरी असलं पाहिजे! इथल्या म्हाताऱ्यांना अशी भीड नाही, कारण त्यांनी वर्गणी भरलेली असते. ते उपकार मागत नाहीत, सेवा मागतात. आपल्या मध्यमवर्गी माणसाला उपकार पचत नाहीत. पावती मात्र पचते.

म्हणून सांगते, तुमच्या सोसायटीत असं काही सुरू करा. फुकट ठेवू नका. फुकट ठेवलंत तर कुणी मागणार नाही, आणि बाबा तर नाहीच. वर्षाला पाचशे रुपये घ्या. बल्ब, पंखे, गॅसचे सिलिंडर ही कामं वालचंद कॉलेजची ती पोरं करतील, जी आत्ता तुमच्या तळमजल्यावर भाड्याने राहतात आणि रात्री गाणी लावतात म्हणून तुम्ही ज्यांच्यावर चिडता. आईने सोसायटीतल्या मास्तरांना रोज पेपर वाचून दाखवावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांचा रोजचा अग्रलेख चुकतोय आणि त्याचा राग ते जिन्यात काढताहेत. बाबांनी बँकेत आयुष्य घातलंय, तर नोव्हेंबर आला की सगळ्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम त्यांनी घ्यावं. सेक्रेटरी म्हणून वकीलकाकूंना नेमा. चोवीस तास कोण काय करतंय, हे त्या तसंही बघतातच, आता अधिकृतपणे बघतील. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीच्या 'एल्डर लाइन'चा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघातही जाऊन या. तिथे नुसती योगासनं आणि वाढदिवस चालत असले, तर हा विषय तुम्ही काढा.

सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, हा नियम मी या पत्रात पहिल्या ओळीपासून मोडलेला आहे. पण तुम्ही अजून सभासद झालेला नाहीत, त्यामुळे तो लागू होत नाही.

जावई आणि चिरंजीव नमस्कार सांगतात. उत्तर पत्रानेच पाठवा.

तुमची,
धाकटी

ता. क. खजिनदार बाबाच होणार, हे मी धरूनच चालले आहे. हिशेबतपासनीस आई.