रविवारचा पाठ, शनिवारी रात्री

संडे स्कूलच्या पाठाची तयारी सोमवारी सुरू करावी. सोमवारी उतारा वाचावा, मंगळवारी त्यावर मनन करावे, बुधवारी… बुधवारचे मला आठवत नाही, कारण मी तिथवर कधी पोचलेलोच नाही. नव्या शिक्षकांना मात्र हे वेळापत्रक मी तोंड वर करून सांगतो. माझी स्वतःची तयारी शनिवारी रात्री दहाला, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सुरू होते आणि त्यातला पहिला अर्धा तास चष्मा शोधण्यात जातो.

नियम पहिला. उतारा पवित्र शास्त्रातूनच वाचावा, आठवणीतून नव्हे. आठवणीवर विसंबणाऱ्याचा योना देवमाशाच्या पोटात जातो. शास्त्रात मासा मोठा होता, एवढेच आहे. एदेन बागेतले फळ सफरचंद होते असे कुठे म्हटलेले नाही, आणि मागी लोक किती आले तेही दिलेले नाही. तीन होत्या त्या भेटी. या चुका पकडायला प्रत्येक वर्गात एक मूल नेमलेले असते. आमच्याकडचे पुढच्या सतरंजीवर बसते आणि त्याची आजी त्याला रोज रात्री एक अध्याय वाचून दाखवते. त्या आजींविषयी मला फार आदर आहे. दर रविवारी तो थोडा कमी होतो.

नियम दुसरा. आटोपते घ्यावे. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत केले. आपल्याला पोराच्या आईला तोंड द्यायचे असते.

नियम तिसरा. टक्कल पडू लागलेल्या शिक्षकाने 2 राजे, अध्याय 2 घेऊ नये. अलीशाला टक्कलावरून चिडवणारी पोरे, रानातून आलेली दोन अस्वले, फाडलेली 42 मुले. वर्गाला जरा धाक बसेल म्हणून मी तो घेतला. वर्गाने अस्वले सोडून दिली आणि चिडवायचा शब्द तेवढा उचलला.

नियम चौथा. जड शब्द टाळावेत. पंडिता रमाबाईंनी त्यासाठीच हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. ते 1924मध्ये, त्यांच्या मागे, छापून निघाले. आणि मी, शंभर वर्षांनी, नगरच्या एका चर्चच्या मागल्या हॉलमध्ये उभा राहून विचारतो, “तारण म्हणजे काय, कोण सांगेल?” लगेच हात वर. “सर, सोनं ठेवून बँकेतून पैसे आणतात ते. आमच्या पप्पांनी मम्मीच्या पाटल्या ठेवल्यात.” यावर काय बोलायचे ते कुठल्याही शिक्षक-पुस्तिकेत नाही. मी पुढचे गाणे सुरू केले. नंतर घरी जाताना वाटले, सोडवून आणणे हाच तर मुद्दा होता, आणि पोरगा अर्ध्या वाटेवर येऊन थांबला होता. असे मला नेहमी घरी जातानाच सुचते.

मुखपाठ वचनाला बक्षीस ठेवले की दरवर्षी कोणीतरी योहान 11:35 म्हणून दाखवते, कारण ते दोनच शब्दांचे आहे. रागावू नये. ते सापडायला निम्मा योहान चाळावा लागतो. पुस्तकांची संख्या अशी शिकवावी: जुना करार 39, तीन नव्वे 27, तो नवा करार, बेरीज 66. माझ्या शिकवण्यातले एवढेच आजवर कोणी विसरलेले नाही.

साहित्य. आमच्या फ्लॅनेलच्या बोर्डाला एकच मेंढपाळ उरला आहे. तोच अब्राहाम, तोच मोशे, तोच दावीद. दाढी असल्यामुळे दावीद म्हणून शोभत नाही, पण उंटाला तीनच पाय असल्याने तिकडे कोणी बघत नाही.

गल्याथासाठी मात्र बोर्ड नको. सहा हात एक वीत म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. टेप घ्यावी, स्टुलावर चढावे आणि भिंतीवर खडूने रेघ मारावी. ती रेघ मारली तेव्हा वर्ग पहिल्यांदा आपणहून गप्प झाला. मग एकेक जण खाली उभा राहून मान वर करून बघू लागला. गोफणीसाठी मी आदल्या दिवशी सीनेच्या पात्रात उतरून, प्लास्टिकच्या पिशव्या बाजूला सारत, पाच गुळगुळीत गोटे शोधून आणले होते. पँट अजून निघालेली नाही. डाग म्हणतोय मी.

पाठ रंगला. गल्याथ पडला. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आवाज आला, “सर, एकच दगड लागला, तर चार जास्तीचे कशाला घेतले? त्याचा देवावर विश्वास नव्हता का?”

नियम पाचवा. अशा वेळी “पुढच्या रविवारी सांगतो” असे म्हणावे. एका प्रश्नाला हे उत्तर दोनदाच चालते.

मी तीनदा वापरले आहे. आज शनिवार, सव्वादहा झालेत, चार गोटे खिडकीत आहेत आणि चष्मा सापडत नाहीये.