दोन-चार घिऊन जावा

काकांकडे लग्नाची पत्रिका द्यायला जाणाऱ्याने सोबत एक रिकामा डबा न्यावा. नेला नाही तर काका पिशवी देतातच: निम्मं पाणी, निम्मी हवा, तोंडाला रबर आणि आत वळवळणारे गप्पी मासे. "दोन-चार घिऊन जावा की!" पिशवी उजेडात धरून मोजावी, तर अठरा भरतात. धाराशिवच्या या काकांनी हयातभर कचेरीत हिशेब लिहिले, यावर त्यांच्या घरून परतणाऱ्या कुणाचाच विश्वास बसत नाही.

संक्रांतीला काकूंनी वाणासाठी प्लास्टिकचे डबे आणले होते. हळदीकुंकवाच्या वेळी बघतात तो प्रत्येक डब्यात दोन-चार. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांसोबत दोन-चार गेले. सोलापूरला निघालेल्या पाहुण्यांनी एसटीत पिशवी मांडीवर धरली होती. तुळजापुरात चढलेल्या आजींना ती तीर्थाची वाटली आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

सुरुवात खरोखरच दोन-चारांपासून झाली होती. नातवाच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आली. तीत एक नर, तीन माद्या आणि सोबतीला मॉलीची एक जोडी. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहती पिल्लं देतात, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. उस्मानाबादी शेळी जुळी देते म्हणून तिचं केवढं नाव! तिलाही पाच महिने लागतात. गप्पीची मादी चार आठवड्यांत वीस-तीस पिल्लं देऊन पुन्हा काचेशी येऊन खायला मागते.

काकूंनी तंबी दिली. काकांनी सगळे नर वाटून टाकले, नुसत्या माद्या ठेवल्या. पुढच्या महिन्यात टाकी पुन्हा भरली. एकदा संग झाला की मादी नराचं बीज पोटात साठवते आणि कित्येक महिने त्यावर बाळंतपणं काढते. काकूंनी हे ऐकून घेतलं आणि "आपल्या जिल्ह्यात साठवणुकीची एवढी अक्कल पाण्याच्या बाबतीत कुणाला आली नाही," एवढंच म्हणाल्या.

पाण्यानेही काकांना साथ दिली नाही, म्हणजे फारच दिली. त्यांच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गप्पी-मॉलींना मात्र असंच क्षारांचं पाणी मानवतं. शेजाऱ्याने सुचवलं, एंजल मासा सोडा, पिल्लं खाऊन टाकील. काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. वास्तविक पिल्लं खायला आईबापच टपलेले असतात. म्हणून मादीच्या पोटाशी काळा डाग गडद झाला की काका टाकीत शेवाळाचे झुपके सोडतात आणि चहाची गाळणी घेऊन पहाऱ्याला बसतात. त्या घरात चहाला नाही म्हणावं.

गप्पांचा आणि गप्पींचा संबंध नाही, हेही ते चहासोबत ऐकवतात. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थाने हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, १८६६ साली त्याच्या नावाने माशाचं बारसं झालं. पुढे कळलं की पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचं नाव ठेवलं होतं. गप्पीचं नाव शास्त्राच्या वहीतून खोडलं गेलं, लोकांच्या तोंडून गेलं नाही. २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला तरी शेळी उस्मानाबादीच राहिली, तसंच.

एवढी पैदास तेरणेत का सोडून देत नाहीत? हा प्रश्न त्यांना विचारू नये. हा मासा परदेशी. नदी-ओढ्यात शिरला की गावठी माशांच्या पोटावर पाय देतो. "आपल्या घरचं वळण आपल्या घरात," असं म्हणून ते उठतात, पिशवी शोधायला.

त्यांना हसणारी गल्ली एका पावसाळ्यात गप्प झाली. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, रांजण भरलेले. डेंग्यूच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं; आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खात्याची माणसं दारोदार पिंपात बॅटरी मारत फिरली, कोरडा दिवस पाळा, डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडा म्हणून सांगून गेली. संध्याकाळी काकांच्या दाराशी बादल्यांची रांग लागली. ज्यांनी वाणाचा डबा परसातल्या गटारीत रिता केला होता, त्याही आल्या.

काकांनी कुणाला बोल लावला नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात ते स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत, उरलेली अर्धी टाकीला. काढलेलं पाणी काकूंच्या कढीपत्त्याला. आता त्याच टाकीतून गाळणी भरभरून निघत होती. बाळंतिणीची खोली बघावी तशी रिकामी काच ते अधूनमधून बघत. आयुष्यात पहिल्यांदा ते मोजून देत होते.

रांगेच्या शेवटी कोपऱ्यावरच्या घरातली सून उभी होती. तिचा पोरगा दवाखान्यातून कालच घरी आला होता. तळाशी एकच थोराड मादी उरली होती, पोटाशी काळाभोर डाग. काकांनी ती अलगद तांब्यात घेतली.

"काका, एकच?"

"एकच न्या," काका म्हणाले. "पोटात दोन-चार हायती."